साल संपलं की माणूस कुणाचा?

"काका, साल संपतंय. थांबू का निघू?"

पुतण्याचा फोन दरवर्षी फाल्गुनात येतो आणि दरवर्षी तो हेच शब्द वापरतो. तो शेतावर कामाला नाही. मुंबईतल्या एका कंपनीच्या कबड्डी संघात उजवा कोपरा सांभाळतो. त्याचा करार इंग्रजीत छापलेला असतो, त्यावर शिक्का असतो, पण आमच्या घरात त्याला कुणी करार म्हणत नाही, साल म्हणतात. माझे वडील, म्हणजे त्याचे आजोबा, येलदरीत पंचवीस वर्षं सालगडी होते. गुढीपाडव्याला साल संपायचं आणि त्याच दिवशी नवं धरायचं. हा शब्द आम्हाला वारशात मिळाला आहे.

यंदाचा फोन मात्र वेगळा होता. तो एकतीस वर्षांचा झालाय. कबड्डीत कोपऱ्यावर खेळणाऱ्याची सगळी मदार गुडघ्यावर आणि घोट्यावर असते. चढाईवाला आत आला की खाली झेपावून त्याचा पाय धरायचा, आणि तो सुटण्यासाठी जो हिसका देतो तो अंगावर घ्यायचा. हे अकरा वर्षं केलेल्या माणसाचा उजवा गुडघा कसा असतो, ते मला माहीत आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो, तीस वर्षं पोरांना कबड्डी शिकवली, आणि निवृत्तीनंतरही धरणाच्या वसाहतीजवळच्या मैदानावर संध्याकाळी जातोच. त्याला पहिली पकड मीच शिकवली. म्हणून या प्रश्नाचं उत्तर देताना हात आखडतो.

त्याच्यापुढे तीन वाटा होत्या. सध्याची कंपनी आहे त्याच पैशात आणखी एक वर्ष ठेवायला तयार. पुण्यातली दुसरी एक कंपनी महिन्याला थोडे कमी देणार, पण कागद दोन वर्षांचा. तिसरी वाट म्हणजे खेळ सोडून प्रशिक्षक व्हायचं, त्यासाठी पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतला अभ्यासक्रम करायचा. फोनवर मी म्हणालो, "दोन्ही कागद पाठव. वाचल्याबिगर बोलत नाही." आणि मग चार रात्री मी दुसरं काही केलं नाही.

वय झालेल्या खेळाडूपुढचा हा पेच टीव्हीवर फक्त लिलावाच्या रूपात दिसतो. हातोडा पडतो, कोटीचा आकडा झळकतो, लोक टाळ्या वाजवतात. पण मला तो पहिल्यांदा कळला तो १९७८च्या पाडव्याला, मालकाच्या वाड्याच्या ओट्यावर. तेव्हा मी बारा वर्षांचा होतो.

आबा, म्हणजे माझे वडील, आधी धरणाच्या मातीकामावर होते. पूर्णा नदीवरचं आमचं येलदरी धरण १९६८ साली पुरं झालं, पायथ्याशी वीजघर आलं, बांधकामावरचे लोक पांगले, आणि स्वतःचं वावर नसलेले आबा एका शेतकऱ्याकडे सालानं राहिले. सालाचा हिशोब तोंडी असे. त्या वर्षी आबांचं साल होतं बाराशे रुपये, चार पोती ज्वारी, एक धोतरजोडा, वहाणा आणि घोंगडं. खाडा पडला तर त्या दिवसाचे पैसे कापले जायचे. मधे गरज पडली तर मालकाकडून उचल घ्यायची, ती सालातून वळती व्हायची. आणि पाडव्याला उचल फिटलेली नसेल तर? तर साल संपलं तरी माणूस मोकळा होत नसे. बाकी फेड आणि जा, असा तो रिवाज.

त्या पाडव्याला नदीपल्याडच्या एका शेतकऱ्यानं आबांना पंधराशेचं साल बोललं होतं. आबांवर माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नाची तीनशे रुपये बाकी होती. नवा मालक ती बाकीही भरायला तयार होता. आबांचं वय पंचेचाळीसच्या घरात. कंबर दुखायची. आई म्हणायची, जा, तीनशे रुपये म्हंजे थोडे नसतात. आबा मात्र बैलांकडे बघत बसायचे. इथली बैलं त्यांच्या आवाजाला ओळखत होती, विहिरीला पाणी कधी कमी होतं ते त्यांना ठाऊक होतं. नव्या ठिकाणी पहिल्या वर्षी अंगावर दुप्पट काम येतं, कारण नवा गडी कसा आहे ते सगळ्यांना बघायचं असतं. पंचेचाळीसाव्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून स्वतःला सिद्ध करायचं, हा खर्च त्या तीनशे रुपयांत कुठं धरलेला नव्हता.

पुढं काय झालं ते सांगतो. आधी जरा लांब जातो, कारण हाच प्रश्न अमेरिकेत न्यायालयापर्यंत गेला होता.

अमेरिकेत बेसबॉल हा आपल्याकडच्या क्रिकेटसारखा खेळ. तिथल्या करारात जवळपास शंभर वर्षं एक कलम होतं. करार एका वर्षाचा, पण तो संपला की संघाला तो आणखी एका वर्षासाठी वाढवायचा हक्क. वाढवलेल्या करारातही तेच कलम, म्हणून पुन्हा वाढवायचा हक्क. असं करत खेळाडू जन्मभर त्याच संघाचा. संघाला वाटलं तर तो खेळाडू दुसऱ्या संघाला देऊन टाकणार, खेळाडूला विचारायचंही कारण नाही. म्हणजे साल दरवर्षी संपतं, पण पाडवा कधीच येत नाही.

कर्ट फ्लड नावाचा एक कृष्णवर्णीय खेळाडू सेंट लुईसच्या संघात बारा हंगाम खेळला. क्षेत्ररक्षणाचं मानाचं पारितोषिक त्यानं सात वेळा मिळवलं होतं. १९६९च्या ऑक्टोबरात संघानं त्याला फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. फ्लडचा पगार वर्षाला नव्वद हजार डॉलर, म्हणजे त्या काळात भरपूर. पण त्यानं डिसेंबरात बेसबॉलच्या आयुक्तांना पत्र लिहून कळवलं की विकली-घेतली जावी अशी मालमत्ता मी नाही, दुसऱ्या संघांचं म्हणणं ऐकण्याचा हक्क मला आहे. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९७२ साली तो पाच विरुद्ध तीन मतांनी हरला. तोवर त्याची कारकीर्दही संपली होती. ऐन भरातली वर्षं त्यानं या एका प्रश्नासाठी घालवली. त्याच्याविषयी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रात्रभर आबा आठवत राहिले.

तीन वर्षांनी कुलूप उघडलं. अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन गोलंदाजांनी नव्या करारावर सही न करताच एक हंगाम जाऊ दिला आणि म्हटलं, वाढवलेलं एक वर्षही आता संपलं, आम्ही मोकळे. डिसेंबर १९७५मध्ये लवाद पीटर साइट्झ यांनी निकाल दिला की एक वर्ष म्हणजे एकच वर्ष.

यानंतरची गोष्ट मला सगळ्यात जास्त मोलाची वाटते. खेळाडूंच्या संघटनेचे प्रमुख मार्व्हिन मिलर यांनी सगळे खेळाडू दरवर्षी मोकळे व्हावेत असा हट्ट धरला नाही. त्यांचं गणित असं की सगळेच एका दिवशी बाजारात उतरले तर भाव पडेल. थोडेच लोक मोकळे असतील तर संघ त्यांच्यासाठी भांडतील आणि त्यांना मिळालेला पैसा बाकीच्यांचीही किंमत वर ओढेल. १९७६च्या समझोत्यात सहा वर्षं सेवा झालेल्या खेळाडूला मोकळीक देण्याचं ठरलं. ही अट आजही आहे.

आमच्याकडे पाडव्याला नेमकं उलटं व्हायचं. अख्ख्या शिवारातले गडी एकाच दिवशी मोकळे. पारावर सकाळपासून माणसं बसलेली, आणि मालकाला ठाऊक की हा नाही तर तो. तेव्हा गडी जास्त होते आणि काम देणारी घरं कमी. आज ते पालटलं आहे, सालानं राहायला माणूस मिळत नाही, आणि साल लाखाच्या पुढं बोललं जातं. आबांच्या वेळी मात्र एकटा माणूस भाव वाढवू शकत नव्हता.

सहा वर्षांच्या अटीला एक दुखरी बाजूही आहे. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी वरच्या पातळीवर आलेला खेळाडू मोकळा होईपर्यंत तिशीला टेकतो. अंगात सगळ्यात जास्त दम असतो ती वर्षं बांधलेली, आणि दम उतरणीला लागतो तेव्हा दार उघडतं. म्हणून तिथले मुरलेले खेळाडू कराराच्या शेवटच्या वर्षावर फार घासाघीस करतात. शेवटचं वर्ष ठेवायचं की नाही हे कुणी ठरवायचं? संघानं ठरवायचं असेल तर ती संघाची निवड. खेळाडूनं ठरवायचं असेल तर खेळाडूची. संघानं नको म्हटलं तर बहुतेक वेळा त्याला ठरलेली भरपाई मोजावी लागते.

लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाचा क्लेटन कर्शॉ सगळी कारकीर्द त्याच एका संघात खेळला. २०२५ सालासाठी त्याच्या हातात एक कोटी डॉलरची निवड होती. नुसतं हो म्हटलं असतं तरी पैसे पक्के. २०२४च्या नोव्हेंबरात त्यानं ती नाकारली, पायाच्या आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रिया करून घेतल्या, आणि फेब्रुवारीत त्याच संघाशी पंचाहत्तर लाख डॉलरच्या पक्क्या रकमेवर, शिवाय खेळण्याप्रमाणे वाढत्या बक्षिसांवर नवा करार केला. त्या मोसमात तीन हजार फलंदाज बाद करण्याचा टप्पा त्यानं ओलांडला, संघ विजेता झाला आणि तो निवृत्त झाला. कागद मोडला आणि त्याच वाड्यात राहिला.

आपल्याकडं पाडवा लिलावाच्या सभागृहात असतो. प्रो कबड्डी २०१४ साली सुरू झाली तेव्हा पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली १२ लाख ८० हजारांची होती, पाटण्यानं राकेशकुमारवर लावलेली. चार वर्षांनी, २०१८ला, सहा जण कोटीच्या घरात गेले, त्यात मुंबईचा रिशांक देवाडिगा होता, एक कोटी अकरा लाखांवर. माझ्या शाळेतल्या पोरांनी त्या रात्री मैदानावर फटाके उडवले होते.

त्याच हंगामात चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई यू मुंबाकडून ३६ लाख ४० हजारांत पहिल्यांदा खेळला. चढाईत दोनशेच्या वर गुण घेतले आणि पुढच्याच वर्षी तेलुगू टायटन्सनं त्याच्यावर एक कोटी ४५ लाख लावले. २०२१ला बोली एक कोटी ३० लाख. मग दुखापत आली, त्या हंगामात तो फारसा खेळू शकला नाही, भाव घसरला. २०२३ला हरियाणानं पुन्हा एक कोटी मोजले. पाच वर्षांत एकाच माणसाचा भाव असा वरखाली झाला. तोच माणूस, तीच उडी, तोच हात. बदलला तो खांदा, आणि खांद्याविषयी समोरच्याचा अंदाज.

आणि प्रदीप नरवाल. पाटण्याला लागोपाठ तीन विजेतेपदं मिळवून देणारा, चढाईत अठराशेवर गुण घेणारा, त्याच्याइतके गुण लीगमध्ये तोवर कुणाचेच नव्हते. २०२१ला त्याच्यावर एक कोटी ६५ लाखांची बोली लागली. २०२४ला बंगळुरूनं ७० लाखांत घेतलं. २०२५च्या लिलावात त्याचं नाव पुकारलं, आणि कुणीच हात वर केला नाही. काही दिवसांत त्यानं निवृत्ती जाहीर केली. ते मी टीव्हीवर बघत होतो. नाव पुकारल्यावरची ती शांतता फार वेळ टिकली नसेल, पण मला ती लांब वाटली.

लिलावात खेळाडू मोकळा असतो असं आपण म्हणतो, पण अमेरिकेतला मोकळा खेळाडू चार संघांशी बोलतो, लेकरांची शाळा बघतो, बायकोला विचारतो, हवा-पाणी बघतो आणि मग हो म्हणतो. लिलावातल्या खेळाडूला गाव निवडता येत नाही. जो जास्त बोलेल त्याच्याकडे जायचं. त्यातही जुन्या संघाकडे शेवटची बोली बरोबरीत आणायचं कार्ड असतं. दुसऱ्या संघानं तुमच्यासाठी रक्कम चढवत नेली, तुम्ही मनातल्या मनात बॅग भरली, आणि जुना संघ म्हणाला तेवढेच आम्ही देतो, तर तुम्ही जुन्याच घरात. तुमचं मत कुणी विचारत नाही. वर एका संघाला सगळ्या खेळाडूंवर मिळून पाच कोटींचीच मर्यादा. कोवळ्या पोराला नऊ लाखांत घेता येत असेल तर वयस्कर माणसावर तीस लाख कोण घालणार, हा हिशोब प्रत्येक टेबलावर चालू असतो.

क्रिकेटमध्ये हेच आणखी उजेडात दिसतं. संगमनेर तालुक्यातला अजिंक्य रहाणे आयपीएलच्या २०२३च्या मोसमासाठी चेन्नईनं ५० लाखांच्या मूळ किमतीत घेतला आणि तो त्या मोसमात असा खेळला की लोक चकित झाले. २०२४च्या नोव्हेंबरात जेद्दाच्या लिलावात पहिल्या फेरीत त्याला कुणी घेतलं नाही. पुन्हा नाव आलं तेव्हा कोलकात्यानं दीड कोटीत घेतलं, आणि मार्चमध्ये त्यालाच कर्णधार केलं. ज्याच्याकडे पहिल्या फेरीत कुणी बघितलं नव्हतं, तो संघाचा म्होरक्या झाला.

राज्याच्या संघांत लिलाव नाही, पण दुसऱ्या राज्याकडून खेळायचं तर आपल्या संघटनेचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. मला ते बाकी फिटल्याच्या चिठ्ठीसारखं वाटतं. मुंबईचा वसीम जाफर २०१५ला, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, विदर्भाकडे गेला. विदर्भानं तोवर रणजी करंडक कधी जिंकला नव्हता. जाफर असताना त्यांनी तो लागोपाठ दोनदा जिंकला, आणि दुसऱ्या वेळी चाळिशी ओलांडलेल्या या माणसानं एका हंगामात हजारावर धावा काढल्या. त्या पोरांना धावांइतकीच गरज होती ती जिंकणं माहीत असलेल्या माणसाची. मुरलेल्या खेळाडूची ही किंमत लिलावाच्या फळ्यावर उमटत नाही.

पुतण्याचे कागद आले. पुण्याचा दोन वर्षांचा कागद मी तीनदा वाचला. सातव्या कलमात लिहिलं होतं की दुसरं वर्ष कंपनीच्या मर्जीवर. म्हणजे दोन वर्षांचा कागद नव्हताच तो. एक वर्ष याचं, दुसरं त्यांचं. आणि मर्जी फिरली तर भरपाई काही नाही. मुंबईच्या कागदात वेगळंच. दुखापतीमुळे महिनाभर खेळता आलं नाही तर पगार थांबणार. एकतीस वर्षांच्या कोपऱ्यावाल्याला हे कलम म्हणजे खाडा कापणंच.

मी फोन केला. "पैशाचं सोड. दोघांनाही एकच विचार. गुडघा गेला तर काय?"

"असं विचारलं तर म्हणतील काका, गुडघा आत्ताच गेलाय."

"म्हणू दे. तुझ्या आजानं विचारलं होतं."

त्याला ती गोष्ट माहीत नव्हती, म्हणून फोनवरच सांगितली. १९७८च्या पाडव्याला आबा ओट्यावर गेले आणि म्हणाले, "मालक, माझं साल मोडलं. बाकी उद्या भरतो." मालक काहीच बोलले नाहीत. आबा घरी आले. त्या रात्री ते कुणाचेच गडी नव्हते. आयुष्यात मी त्यांना तसं बसलेलं दुसऱ्यांदा पाहिलं नाही, पाय पसरून, अंगणात, काहीही न करता. सकाळी मालकच घरी आले. साडेतेराशे बोलले. आबांनी पैशावर वाद घातला नाही. म्हणाले, मोटेचं आणि ओझ्याचं काम कमरेला झेपत नाही, ते दुसऱ्याला द्या. आणि आजारपणाचा खाडा कापू नका. मालकांनी दोन्ही मान्य केलं. पंधराशे सोडून आबा साडेतेराशेवर राहिले आणि आणखी पंधरा वर्षं काम करू शकले. नदीपल्याड गेले असते तर कंबर किती टिकली असती, कोण सांगणार. पण ती मागणी त्यांना आधीच्या कुठल्याच वर्षी करता आली नव्हती. ती करता आली, कारण त्या एका रात्री बाकी भरायला तयार असलेला दुसरा माणूस नदीपल्याड होता.

फोनवर बराच वेळ पुतण्या गप्प होता. मग म्हणाला, "मंग पुण्यावाल्यांना आधी विचारतो."

आठ दिवस लागले. पुण्याच्या कंपनीनं दुसरं वर्ष पक्कं करायला नकार दिला, पण नको म्हटलं तर तीन महिन्यांचा पगार द्यायचं लिहून दिलं. ते पत्र घेऊन तो मुंबईच्या साहेबांकडे गेला. त्यांनी पगार वाढवला नाही. दुखापतीचं कलम मात्र खोडलं, उपचाराचा खर्च घातला, आणि धाकट्या पोरांच्या सरावाची अर्धी जबाबदारी त्याच्याकडे दिली. पतियाळाच्या अभ्यासक्रमासाठी रजा मागितली, ती पुढच्या वर्षी बघू म्हणाले. मी म्हटलं, तेही कागदावर घे. त्यानं ते घेतलं.

पाडव्याला तो गावी आला. गुढी उभी केली, कडुनिंबाचा पाला चावला, आणि खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला. चष्मा लावून मी सगळा वाचला, खोडलेल्या ओळीवरच्या दोन्ही सह्या बघितल्या आणि कागद आबांच्या फोटोमागं ठेवला.

संध्याकाळी मैदानावर गेलो. पोरांनी त्याला बघून हुल्लड केली, त्याला कोपऱ्यावर उभं केलं आणि एकेक करून चढाईला आले. पहिला निसटला, दुसरा बोनस घेऊन परतला. उजव्या पायावर जोर देताना तो ओठ दाबत होता, ते मला बांधाजवळूनही दिसत होतं. तिसऱ्या पोरानं पाय पुढं टाकला, आणि त्याचा घोटा पुतण्याच्या दोन्ही हातांत आला.